साखळी १४० ची ओल : एका छोट्या मातीच्या धरणाच्या कामाच्या नोंदी

९ नोव्हेंबर

तलाव जवळजवळ भरलेला आहे. पूर्ण संचय पातळीच्या फक्त १० सें.मी. खाली. पाहणी करायची तर हीच वेळ. रिकाम्या तलावाची भिंत नेहमीच गुणी दिसते.

मापं एकदा लिहून ठेवते, पुढे लागतील. भिंत ३१० मीटर लांब, जुन्या ओढ्याच्या पात्रात ९ मीटर उंच, माथा ३ मीटर रुंद. पाण्याकडचा उतार अडीचास एक, खालचा दोनास एक. आत काळ्या मातीचा गाभा, बाहेरून मुरमाचं कवच. उजव्या टोकाला २८ मीटरचा सांडवा. साखळी ९५ ला (साखळी म्हणजे भिंतीच्या एका टोकापासूनचं मीटरमधलं अंतर) विमोचकाची, म्हणजे पाणी सोडायच्या दाराची, विहीर आणि तिथून भिंतीच्या पोटातून जाणारा ४५० मि.मी.चा ह्यूम पाइप. मोठ्या धरणाची आंतरराष्ट्रीय व्याख्या १५ मीटर उंचीपासून सुरू होते. त्याहून बुटकं, ५ ते १५ मीटरमधलं, असेल तर साठा ३० लाख घनमीटरच्या वर लागतो. आमचं धरण दोन्हींत बसत नाही. म्हणून त्याच्यावर ना उपकरणं, ना दरवर्षीचा अहवाल. आहेत ते एक पाटकरी काका आणि त्यांची काठी.

काकांबरोबर खालच्या उतारावर नागमोडी चालत गेले, माथ्यावरून पायथ्याकडे आणि परत वर. नुसतं माथ्यावरून चालून भिंत पाहिली म्हणणारे बरेच भेटतात. साखळी १४० ला बूट रुतला. पायथ्यापासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, सहा मीटर लांबीचा ओला पट्टा. आजूबाजूचं गवत पिवळं पडायला लागलेलं आणि इथं मात्र हिरवंगार, मधे मधे लव्हाळा. टाच दाबून धरली तर खळग्यात हळूहळू पाणी गोळा झालं. ओंजळीत घेऊन उन्हात पाहिलं. नितळ. तळाला मातीचा कणही नाही.

"काका, हे कधीपासून?"

"दोन वर्षं तरी झाली, मॅडम. पाणी नितळ होतं म्हणून कुणाला बोललो नाही."

बोलायला हवं होतं, पण पाणी नितळ आहे की गढूळ हे ते रोज पाहत होते, ही मोठी गोष्ट. मातीचं धरण पाझरणारच. गाभा पाणी अडवत नाही, त्याचा वेग मारतो. प्रश्न असतात तीन: किती पाझरतंय, कुठून बाहेर पडतंय आणि येताना माती आणतंय का. इथे तिसऱ्याचं उत्तर आज तरी 'नाही' आहे. दुसऱ्याचं उत्तर मला आवडलेलं नाही. पाझर पायथ्याच्या निचरा चरातून निघायला हवा, उताराच्या अंगावर नाही. उतारावर पाणी दिसतं याचा अर्थ भिंतीच्या आत पाण्याची रेषा वर चढलेली आहे. भिजलेला उतार जड होतो, त्याची ताकद घटते आणि एखाद दिवशी तो बसतो.

१२ नोव्हेंबर

कागदपत्रं शोधली. एक नकाशा मिळाला, त्याच्या घडीवर नेमका पायथ्याचा भाग फाटलेला. टो ड्रेन, म्हणजे पायथ्याचा निचरा चर, केलेला दिसतो, पण तो बाहेर कुठे काढला ते त्या फाटक्या भागातच गेलं. जागेवर त्याचं तोंड कुठेच दिसत नाही.

दुपारी पाणीवापर संस्थेची बैठक झाली. एकाने सुचवलं, ओल्या जागेवर ताडपत्री टाकून वरून सिमेंटचा गिलावा मारू. दुसऱ्याचं म्हणणं, काळी माती थापू. दोन्ही नको म्हणून बराच वेळ बोलावं लागलं. पाझर बाहेर पडतो ती जागा बुजवली की पाणी थांबत नाही, आत तुंबतं. आतला दाब वाढतो आणि ते दुसरीकडून, जास्त जोराने वाट काढतं. अडवायचं असेल तर पाण्याच्या बाजूने अडवायचं. खालच्या बाजूला पाण्याला वाट द्यायची आणि मातीला अडवायचं. हे वाक्य मी बैठकीत तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा एक आजोबा म्हणाले, "म्हणजे चहाच्या गाळणीसारखं." अगदी तसंच.

कायमची दुरुस्ती होईपर्यंतची तयारी म्हणून वाळू, बारीक खडी आणि दगड यांचे तीन वेगवेगळे ढीग साखळी १४० च्या खाली रचून ठेवायला सांगितले. पाणी गढूळ झालं तर आधी वाळू, तिच्यावर खडी, तिच्यावर दगडाचं वजन. क्रम उलटा झाला तर उपयोग शून्य. हे ढीग कुणी घराच्या बांधकामाला उचलून नेऊ नयेत, ही जबाबदारी काकांवर.

१६ नोव्हेंबर

मोजायला सुरुवात. ओल्या पट्ट्याच्या कडेने खुंट्या ठोकल्या, म्हणजे तो वाढतो की आकसतो ते कळेल. खालचं सगळं पाणी एका छोट्या चरीत गोळा करून तिच्यात ९० अंशांचा व्ही-नॉच, म्हणजे प्रवाह मोजायची व्ही आकाराची खाच, बसवला. साधा लोखंडी पत्रा, वरची कड घासून धारदार केलेली, मागे पट्टी.

नॉचवर पाण्याची उंची ४ सें.मी. सूत्र सोपं आहे: मीटरमधली उंची, तिचा अडीचावा घात, गुणिले १.३८, उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये. आलं ०.४४ लिटर सेकंदाला. काकांचा सूत्रावर विश्वास बसेना, म्हणून १० लिटरची बादली धरली. २३ सेकंदांत भरली. दहा भागिले तेवीस, तेच उत्तर. आता बसला.

वहीत चार रकाने आखून दिले: तारीख, तलावाची पातळी, नॉचची उंची, पाऊस. पाचवा रकाना काकांनी स्वतः मागितला: "पाणी कसं आहे, ते." त्यासाठी काचेची बरणी. रोज भरायची, रात्रभर उभी ठेवायची, सकाळी तळ पाहायचा.

२१ नोव्हेंबर

ओल्या पट्ट्याच्या थोडं वर, कवचाच्या भागात, हाताच्या ऑगरने, म्हणजे माती कोरायच्या गिरमिटाने, ३ मीटरचं भोक पाडून त्यात छिद्रांची नळी सोडली. भोवती वाळू भरली, वरच्या तोंडाशी मातीचा बूच मारला. मशीन आणून पाणी मारत बोअर करू, असा आग्रह होता. झटपट होतं हे खरं, पण भिंतीत दाबाचं पाणी घालून आतून तडा पाडण्याची ती खात्रीची पद्धत आहे. कोरडंच खोदलं, दिवस गेला.

नळीत पाणी जमिनीपासून फक्त ४० सें.मी. खाली. म्हणजे उताराचा खालचा भाग जवळजवळ पूर्ण भिजलेला.

१४ डिसेंबर

पहिला संशय पाइपवर. छोट्या मातीच्या धरणांत पाइप ही दुखरी जागा असते, कारण पाइपच्या पोटाखाली माती नीट धुमसता येत नाही आणि पाण्याला तिथून सरळ पळवाट मिळते. पण पाइप ९५ ला आणि ओल १४० ला. तरी पाहून घेतलं. दार दहा दिवस बंद ठेवलं. ओल जशीच्या तशी. मग खालच्या तोंडातून आत पाहायचं ठरलं. ४५० मि.मी.मध्ये माणूस घालणं हा गुन्हाच. फळीच्या तुकड्याला खेळण्यातली चाकं लावली, वर मोबाइल आणि टॉर्च बांधला, जोडलेल्या बांबूंनी आत ढकलला आणि दोरीने परत ओढला. ३६ मीटरचं चित्रण मिळालं. चौदा सांधे. एका सांध्यातून केसासारख्या मुळ्या आत लोंबतायत, बाकी कोरडं. पाइप सुटला.

त्या मुळ्या मात्र मनात राहिल्या.

३ जानेवारी

सिंचनाची पाळी सुरू होऊन तीन आठवडे झाले. तलाव ९० सें.मी. उतरला. नॉच ३ सें.मी., म्हणजे ०.२२ लिटरच्या आत-बाहेर. पाझर निम्म्यावर. ओलीची वरची कड खुंट्यांच्या दोन रांगा खाली सरकली.

एका गटाची मागणी आहे की दार पूर्ण उघडून पाणी लवकर द्या. आमच्या पाइपने तलाव दिवसाला ७ सें.मी.हून जास्त उतरत नाही, त्यामुळे चिंता नाही. पण पंप लावून उपसायची भाषा ऐकली, म्हणून लिहून ठेवते: दिवसाला ३० सें.मी.च्या पुढे जायचं नाही. पाणी झपाट्याने उतरलं की पाण्याकडचा उतार आतून ओला राहतो आणि त्याला बाहेरून टेकण देणारं पाणी मात्र निघून जातं. पिचिंगसकट, म्हणजे वरच्या दगडी अस्तरासकट, उतार घसरतो.

१५ फेब्रुवारी

तलाव २.४ मीटर खाली. ओल गेली, उरलं ते वाळत चाललेलं लव्हाळं. काकांची वही पाहता तलावाची पातळी बदलली की साधारण नऊ दिवसांनी ओल बदलते. म्हणजे पाणी तलावाचंच, डोंगरातला झरा किंवा वरच्या शेतातलं पाणी नाही. आणि वाटही अशी की तिला नऊ दिवस लागतात. मोकळं बीळ किंवा आरपार तडा असता तर काही तासांत फरक दिसला असता. पाणी मातीतूनच येतंय, पण पायथ्याशी त्याला बाहेर पडायला जागा नाही. संशय आता टो ड्रेनवर.

घाई कशाला, असं विचारणारे आहेत. अमेरिकेतलं टेटन धरण ५ जून १९७६ ला पहिल्यांदाच भरताना फुटलं. ९३ मीटर उंच, आमच्या दसपट. सकाळी सातच्या सुमाराला गढूळ पाण्याची धार दिसली, भोक बुजवायला दोन बुलडोझर घातले, ते दोन्ही भोकाने गिळले आणि ११ वाजून ५७ मिनिटांनी भिंत कोसळली. गढूळ पाणी दिसल्यावर हातात पाच तास. म्हणून नितळ आहे तोवरच काम करायचं.

२ मार्च

झाडं. खालच्या उतारावर नऊ बाभळी, मनगटाएवढ्या. पायथ्याला साखळी १५० ला एक उंबर, दोघांच्या कवेत मावणार नाही असा. बाभळी मुळांसकट काढल्या, खड्डे थरांनी धुमसले. नुसतं वरून तोडून मोकळं होता येत नाही. खोडाखाली मुळं कुजतात आणि तिथे नळ्या उरतात, पाण्याला तयार वाट. गवत मात्र हवं, दाट आणि आखूड. उंच गवतात ओलही दिसत नाही आणि बिळंही.

उंबराचं काय? मला तो तोडायचा नव्हता. त्याच्या सावलीत बसूनच या अर्ध्या नोंदी लिहिल्या आहेत. तलाव तळाला जाईपर्यंत निर्णय पुढे ढकलला.

बिळं मोजली: घुशींची चार, खेकड्यांची पुष्कळ, पण ती पाण्याच्या काठाशी आणि वीतभर खोल. घुशीच्या बिळात तिरकी नळी उभी केली, वरून नऊ भाग माती आणि एक भाग सिमेंट असा पातळ रबडा ओतत राहिलो. एका बिळाने अठरा घमेली खाल्ली. नुसता दगड कोंबून तोंड बंद केलं असतं तर आतलं घर तसंच राहिलं असतं.

खेकड्यांचा विषय निघाला की लोक हसतात. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसहून जास्त माणसं गेली. तेव्हा खेकड्यांनी भिंत पोखरली असं एका मंत्र्यांनी सांगितलं होतं. गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केली होती, हेही तेव्हाच्या बातम्यांत होतं. खेकडा बीळ करतो, खरं आहे. पण बीळ एका रात्रीत होत नाही आणि वही असली की ते दिसतं.

१८ मार्च

तलाव मृत साठ्यावर, म्हणजे दारातून निघत नाही तेवढंच तळाचं पाणी उरलेलं. आता पायथ्याला खणता येईल. भरल्या तलावाखाली पायथा उकरणं म्हणजे भिंतीच्या पायाखालची पाचर काढणं. तरीही एका वेळी सहाच मीटर उघडायचे आणि भरल्याशिवाय पुढचे उघडायचे नाहीत, असं मुकादमांशी ठरलं.

१४० ते १४६ उघडलं. १.८ मीटरवर दगड लागले. टो ड्रेन सापडला! वरचा दगड काढला तर खाली पोकळी नाहीच. काळा, लोण्यासारखा चिखल. जुन्या कामात माती आणि दगड यांच्यामध्ये वाळूचा थर टाकलेलाच नव्हता. वर्षानुवर्षं बारीक माती दगडांत येत गेली आणि चर गच्च झाली.

२० मार्च

पुढचा टप्पा, १४६ ते १५२. चिखलातून काहीतरी दोरखंडासारखं बाहेर आलं. ओढलं तर येतच राहिलं. उंबराच्या मुळांची वेणी, मनगटाएवढी जाड, तीन मीटरहून लांब, निचरा चरीच्या पोटात नेमकी बसलेली, दगडांचा आकार घेऊन चपटी झालेली. पाणी शोधत आली, सापडलं आणि वाट बंद करून बसली. मुकादम म्हणाले, "झाडाची काय चूक, त्याला पाणी दिसलं." खरंच, चूक त्याला इतकी वर्षं तिथे वाढू देणाऱ्यांची.

उंबर तोडायचं ठरलं. सही मीच केली.

२७ मार्च

टो ड्रेनचं तोंडही सापडलं. कुणीतरी कधीतरी पायथ्यालगत बैलगाडीची वाट केली आणि तिच्या भरावाखाली ते पुरलं गेलं. कुणी ते विचारत बसले नाही.

नवी चर भरताना तीन थर. नियम मृदा-यांत्रिकीचे जनक कार्ल टर्झागी यांचा, शंभर वर्षांच्या आसपास जुना आणि अजून चालणारा: गाळणीच्या बारीक बाजूचा कण, म्हणजे १५ टक्के माल ज्याहून बारीक आहे ती जाडी, मातीच्या ८५ टक्केवाल्या जाडीच्या पाचपटीहून मोठा नको, नाहीतर माती निसटते. आणि मातीच्या १५ टक्केवाल्या जाडीच्या पाचपटीहून लहान नको. नाहीतर पाणी तुंबतं. आमच्या मातीचे आकडे ०.६ आणि ०.०२ मि.मी. म्हणजे वाळूचा आकडा ०.१ ते ३ च्या मधे हवा. चाळून पाहिली, ०.३५. चालेल. त्यापुढे ६ ते १० मि.मी. खडी, मग २० ते ४० ची. वाळू धुऊन घेतली. पहिल्या खेपेत इतकी माती होती की हात काळे झाले. ती खेप परत पाठवली. पुरवणारा रागावला.

९ एप्रिल

माथ्याची लेव्हल घेतली, दर दहा मीटरला. कागदावर माथा सरळ, जागेवर १३० ते १६० मध्ये झोळ. सगळ्यात खोल १४० ला, ३२ सें.मी. तिथेच का, ते काकांनी सांगितलं: बांधताना ओढा इथून वाहत होता, घळभरणी शेवटी इथेच झाली. उंची जास्त तिथे भराव जास्त बसतो, म्हणून बांधताना तिथे माथा थोडा फुगीर ठेवतात. इथे ठेवला नसावा, किंवा ठेवलेला ट्रॅक्टरांनी दाबून संपवला.

आता हिशेब. सांडव्याच्या माथ्यापासून भिंतीच्या माथ्यापर्यंत १.९ मीटर. सांडव्यावरून एक मीटर पाणी गेलं तर २८ मीटर रुंदीतून सेकंदाला साधारण ४७ घनमीटर निघतात, तोच आमचा महापूर. उरले ९० सें.मी. झोळाचे ३२ वजा, उरले ५८. आणि सांडव्यावर मला गेल्या वर्षीच्या वाळूच्या पोत्यांच्या चिंध्या आणि फळ्यांच्या खाचा सापडल्या. विचारलं तेव्हा कबूल झालं: दीड फूट पाणी जास्त साठावं म्हणून पोती लावतात, ऑक्टोबरात काढतात. दीड फूट म्हणजे ४५ सें.मी. उरले १३.

तेरा सेंटीमीटर, वीतभरही नाही. वाऱ्याची एक लाट पुरे. मातीच्या भिंतीवरून पाणी गेलं की खालचा उतार काही तासांत कापला जातो. इतके दिवस मी ओलीच्या मागे होते आणि खरा धोका रिकाम्या पोत्यांत होता.

१७ एप्रिल

साखळी १६२ ला माथ्यावर आडवी भेग, ८ मि.मी. रुंद. उभ्या भेगेपेक्षा आडवी वाईट, ती पाण्याकडून खालच्या बाजूला जाते. चुन्याचं पातळ पाणी आत ओतलं, ते मुरू दिलं आणि दुसऱ्या दिवशी शेजारी खड्डा घेतला. काळ्या मातीत पांढरी रेघ स्पष्ट उतरत गेलेली, झाडाच्या मुळासारखी बारीक होत होत ७० सें.मी.वर संपली. पूर्ण संचय पातळी १.९ मीटर खाली आहे. सुकण्याची भेग, पाण्यापर्यंत पोहोचलेली नाही. खणून थरांनी भरली.

२४ एप्रिल

माथा भरायला सुरुवात. जुना पृष्ठभाग खरवडून, पाणी मारून, मग १५ सें.मी.चे थर. पहिल्या दिवशी कोअर कटर, म्हणजे मातीचा नमुना कापून घ्यायचं नळकांडं, ठोकला: एक लिटर मातीचं वजन १.८० किलो, ओलावा ११ टक्के. सुक्या मातीची घनता १.६२, प्रयोगशाळेतली कमाल १.७८. जेमतेम ९१ टक्के, हवी ९५. रोलर चालकाने अजून चार फेऱ्या मारल्या, आकडा हलेना. माती कोरडी होती, फेऱ्यांनी काय होणार? हीच गोष्ट अमेरिकन अभियंते राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये दाखवली: प्रत्येक मातीचा एक नेमका ओलावा असतो, त्यावरच ती सगळ्यात घट्ट बसते. आमचा १६ टक्के. थर उकरून काढला, पाणी मारून रात्रभर झाकून ठेवला. सकाळी मुठीत दाबला तर लाडूसारखा राहिला, बोटाने दाबल्यावर दोन तुकडे झाले. १.९८ किलो, १६ टक्के, घनता १.७१. ९६ टक्के.

१९ मे

विमोचकाचं दार अडकलं. गाळ साचलेला असणार हे माहीत होतं, तरी हँडलला लांब पाइप लावून जोर करायला मीच सांगितलं. दार वर-खाली करणारा दांडा, स्पिंडल, वाकला. चूक माझी. तलाव खाली होता म्हणून निभावलं. हेच भरल्या तलावात झालं असतं तर पाणी उतरवायची एकुलती एक वाट गेली असती. गाळ काढला, नवा स्पिंडल बसवला, ग्रीस. आता दर महिन्याला दार एकदा पूर्ण वर, पूर्ण खाली, पाणी सोडायचं असो वा नसो.

सांडव्याच्या फरशीच्या सांध्यांतली झुडपं उपटून सांधे भरले. इंग्लंडमध्ये १ ऑगस्ट २०१९ ला टॉडब्रुक तलावाच्या सांडव्याची फरशी पावसात खचली आणि खालची माती वाहू लागली. गावाचा बराच भाग रिकामा करावा लागला, हेलिकॉप्टरने दगडांच्या पिशव्या टाकाव्या लागल्या. तिथेही मूळ रचना कच्ची आणि देखभाल अधूनमधून. ते पाहिल्यापासून सांध्यातलं एक रोपटंही मला खुपतं.

१९ जून

पहाटे काकांचा फोन. "मॅडम, नॉचवर पाच सेंटिमीटर आहे आणि पाणी चहासारखं."

झोप उडाली. मग विचारलं, तलाव किती? "तळालाच." पाऊस? "रात्री ६२ मिलिमीटर." तलावात दाब नाही तर पाझर कुठून वाढेल? जाऊन पाहिलं: उताराचं वरचं पाणी थेट नॉचच्या चरीत येत होतं. पायथ्याच्या वर छोटा वळण चर काढून ते पाणी बाजूला नेलं. दोन दिवसांनी बरणी स्वच्छ. पण फोन करण्यात काका बरोबरच होते, हे त्यांना मुद्दाम सांगितलं.

२६ जुलै

तलाव सांडव्याला टेकला. संध्याकाळी ट्रॉलीतून पोती आली. मी पोचेपर्यंत एक थर लागला होता. एप्रिलचा हिशेब पुन्हा मांडला, पण आकड्यांनी कुणी हललं नाही. "इतकी वर्षं लावतोय, काय झालं?" याला उत्तर नाही. शेवटी सांडव्याच्या भिंतीवर रंगाने दोन रेघा मारल्या: महापुरात पाणी कुठे येईल, आणि पोती लावली तर कुठे. मग त्यातल्या एकाला लेव्हलच्या दुर्बिणीतून वरच्या रेघेच्या उंचीने भिंतीकडे पाहायला लावलं. त्याने बराच वेळ पाहिलं. त्याची विहीर आणि घर दोन्ही भिंतीच्या खाली आहेत.

पोती उतरवली. सगळी नाही, तीन राहिली होती, ती काकांनी रात्री काढली.

२९ ऑगस्ट

तलाव पुन्हा पूर्ण पातळीच्या १० सें.मी. खाली, म्हणजे नोव्हेंबरशी तुलना करता येईल असा, आणि गेले बारा दिवस तिथेच.

नॉच ६.२ सें.मी. सेकंदाला १.३ लिटर. बादली साडेसात सेकंदांत भरते. संस्थेत ही बातमी माझ्या आधी पोचली होती. "मॅडम, एवढं करून गळती तिप्पट?" मी त्यांना १४० ला घेऊन गेले. नोव्हेंबरच्या खुंट्या तशाच आहेत, त्यांच्या आतलं गवत बाहेरच्यासारखंच. सगळ्यांना टाच दाबायला लावली. कुणाचीच रुतली नाही. नळीत पाणी जमिनीपासून १.९ मीटर खाली. तेव्हा ४० सें.मी. होतं. आधी जे पाणी भिंतीत तुंबत होतं ते आता चरीतून निघतंय आणि नॉचवर मोजलं जातंय. बरणी फिरवून दाखवली. तळ स्वच्छ.

एक जण तरीही म्हणाला की पाणी वाया जातंय. ते खालच्या पाटात वळवता येईल. त्याचा उतार पुढच्या आठवड्यात पाहायचा आहे.

काकांनी आजचा आकडा वहीत लिहिला आणि खाली पेन्सिलीने भर घातली: साखळी १५२, उंबराच्या खड्ड्याजवळ, घुशीचं नवीन बीळ, माती ताजी.